आधी जुनं जमा कर

४ फेब्रुवारी

आज दुसऱ्या भागाचं बाड हातात पडलं. पुस्तकाचं नाव लिहीत नाही. करारात गुप्ततेचं कलम आहे आणि या वहीवर माझा अजून तेवढा विश्वास नाही. तर किल्ला, तलवारी, चेटकीण, पंखवाला अजगर, गादीवरून हाकललेला राजपुत्र असा सगळा सरंजाम आहे. पहिला भाग मीच वाचला होता. लोक मनात वाचतात तसा नव्हे, तर माइकसमोर बसून, ऐकणाऱ्यांसाठी, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देऊन. तो तुफान चालला. तेव्हा प्रकाशकबाईंनी फुलं पाठवली होती. या वेळी बाड पाठवलं, सोबत मुदत.

संध्याकाळी चाळायला बसलो. राजपुत्र अधूनमधून आहे. पानोपानी आहे तो द्वारपाल.

पहिल्या भागात हा द्वारपाल नवव्या प्रकरणात येतो, चार पानं कुरकुरतो आणि जातो. अशा किरकोळ पात्रासाठी मी फार डोकं खाजवत नाही, ओळखीतला कुणीतरी उचलतो. त्या दिवशी बाबांना उचललं. नाकातून निघणारा, घशात खरखरणारा, वाक्य संपताना धपकन खाली बसणारा आवाज. बाबा जन्मभर कारखान्यात हत्यारांच्या कोठारावर होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचे. कामगार नवी कानस मागायला आला की झिजलेली हातात पडल्याशिवाय नवी मिळायची नाही. "आधी जुनं जमा कर." घरीही तोच कायदा. पेन्सिलीचं थोटूक, फाटका मोजा, केस गळालेला दातांचा ब्रश, सगळं आधी त्यांच्या तळहातावर ठेवायचं, मग नवं. पुस्तकात तिथे नुसतं लिहिलं होतं की द्वारपाल नकारार्थी मान हलवतो. मान हलवलेली ऐकू येत नाही. म्हणून मी बाबांच्या आवाजात पदरचं घातलं, "आधी जुनं जमा कर." काचेपलीकडे ध्वनिमुद्रक इतका हसला की आम्ही ते तसंच ठेवलं.

आता लोकांना राजपुत्राचं नाव आठवत नाही, हे वाक्य आठवतं. लेखक हुशार. त्याने अख्खा दुसरा भाग त्या वाक्यावर उभा केलाय, आणि तो अख्खा मला बाबांच्या आवाजात वाचायचा आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि बाबा पलीकडच्या खोलीत पडून आहेत. थंडीच्या सुरुवातीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बाहेर काही निघत नाही.

७ फेब्रुवारी

काम सुरू झालं. पुन्हा डब्यात. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या बूथला मी डबा म्हणतो. चारी भिंतींना स्पंज, खिडकी नाही, पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. हातात घड्याळ चालत नाही, कडक इस्त्रीचा शर्ट चालत नाही, भूक लागलेली चालत नाही. दाराची आतली कडी कधीची तुटलीय. बाहेर पडायचं तर काचेवर टकटक करायची, मग ध्वनिमुद्रक येऊन उघडतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. गाणं येत नाही, पण पोटातली गुरगुर आणि घशातला खोटेपणा दोन्ही त्याला ऐकू येतं.

कानसेन आणि मी जेवताना पुस्तकाचे गुणदोष काढतो. ही आमची जुनी खोड. दुसऱ्याच्या पुस्तकाची चिरफाड केल्याशिवाय आम्हांला अन्न पचत नाही.

गुण: नमनाला घडाभर तेल नाही. 'मागील भागात काय घडलं' वगैरे सांगत बसत नाही, पहिल्याच पानावर किल्ल्याचा काळा दरवाजा बंद होतो आणि बाहेर शत्रू, आत आपण. मारामाऱ्या छोट्या आहेत आणि तलवार लागली की माणसाला खरंच दुखतं. दोष: राजपुत्र पहिल्या भागात जेवढा बावळट होता तेवढाच आहे. अजगराला लेखकाने जवळजवळ पेन्शनीत काढलंय. आणि तो द्वारपाल जरा जास्तच बोलतो.

कानसेन म्हणाला, हा दोष नाही, हा तुझा आळस आहे.

१२ फेब्रुवारी

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. आज मी घरी होतो. त्या बाबांकडून 'आ' म्हणवून घेत होत्या. बाबा डोळे मिटून बसले होते. शरमेने असेल. आयुष्यभर दुसऱ्यांना खिडकीबाहेर उभं करणाऱ्या माणसाला कुणी 'आ करा बघू' म्हटलं की कसं वाटत असेल.

जाताना बाई म्हणाल्या, नवी वाक्यं फार पुढची गोष्ट. जे वर्षानुवर्षं विचार न करता तोंडातून निघायचं, ते आधी परत येतं. आकडे, शिव्या, सवयीचं एखादं वाक्य. "हे सारखं काय म्हणायचे, ते आठवून सांगा. आपण तिथूनच सुरुवात करू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"तसं खास काही नाही," मी म्हटलं. "कमी बोलायचे." बोलून गेल्यावर लक्षात आलं की आपण 'बोलायचे' म्हणालो. आईच्याही लक्षात आलं. ती बाईंना सोडायला दारापर्यंत गेली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्या बाई फोनवर पुस्तकं ऐकणाऱ्यांतल्या दिसतात. वाक्य ऐकताच म्हणाल्या असत्या, अय्या, हे तर त्या द्वारपालाचं. मग आईला कळलं असतं, बाबांना कळलं असतं की गेली दोन वर्षं अनोळखी लोक त्यांच्या आवाजाला खदाखदा हसताहेत आणि हसवणारा त्यांचाच मुलगा आहे. त्यांनी माझं एकही पुस्तक ऐकलेलं नाही. "गोष्टी वाचायचे पैसे देतं कोण?" एवढीच चौकशी केली होती एकदा. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, बरंच झालं.

१८ फेब्रुवारी

मधली दोनशे पानं वेढा. शत्रू बाहेर बसलाय, आपण आत बसलोय, धान्य संपतंय, पुन्हा कुणीतरी तटावर चढून पाहतं, शत्रू अजून बसलेलाच आहे. दोष म्हणून ठळक लिहून ठेवतो. माणसं एकाच जागी इतके दिवस कोंडलेली दाखवायची तर काहीतरी घडायला नको का?

माझा दिवस असा: सकाळी बाबांना उठवून बसवायचं, घट्ट केलेलं पाणी चमच्याने पाजायचं (पातळ पाणी ठसक्याने श्वासात जातं), मग डब्यात, मग घरी, मग पुन्हा चमचा. आठवडाभर दुसऱ्या कुठल्या रस्त्याने गेलेलो नाही.

द्वारपालाच्या आवाजाचा सराव घरी करता येत नाही. परवा न्हाणीघरात नळ सोडून करत होतो. आईने दार वाजवलं. "कुणाशी बोलतोयस?" मी म्हटलं, घसा साफ करतोय. ती थोडा वेळ तिथेच उभी होती, दाराखालून तिची सावली दिसत होती. मग म्हणाली, "नळ बंद ठेवून कर. पाणी वाया जातंय."

गुण: द्वारपालाला लेखकाने साधुपुरुष केलेलं नाही. दुसऱ्या भागात अशा म्हाताऱ्यांना एकदम शहाणपण फुटतं आणि ते सुविचार पाडायला लागतात. हा तसाच कंजूष, खडूस आणि नियमाला चिकटलेला राहतो. किल्ल्यात आसरा मागणाऱ्या प्रत्येकाकडून काहीतरी जुनं काढून घेतो, कुणाकडून तलवार, कुणाकडून नाव, कुणाकडून वैर. त्याचं कोठार या असल्या वस्तूंनी भरलंय आणि प्रत्येक वस्तू नीट ठेवलेली आहे. हे मला आवडलं. लेखकाला ते कसं सुचलं कोण जाणे. बाबांच्या कोठारात असंच होतं.

२४ फेब्रुवारी

बाबांच्या उशाखाली माझा जुना टॅब सापडला. आई म्हणाली, दुपारी जुनी गाणी लावते, तेवढाच विरंगुळा. चांगलं आहे. फक्त चार्जिंग कायम संपलेलं असतं. एवढी कसली गाणी ऐकतात?

हल्ली बाबांचं तोंडही सारखं हलत असतं, काहीतरी चघळल्यासारखं. ओठ मुडपतात, सोडतात, पुन्हा मुडपतात. कवळी सैल झाली असणार. दातांच्या डॉक्टरांना घरी यायला जमेल का, विचारायला हवं.

जेवताना आईने अचानक विचारलं, त्या चेटकिणीचं पुढे काय होतं? मी घास हातात धरून बघत राहिलो. म्हणाली, शेजारची मुलगी ऐकते ना तुझं पुस्तक, ती सांगत होती. मी म्हटलं, चेटकीण सुधारते. आई म्हणाली, "मग मजा काय राहिली?" तिला उगाच संसाराला लावली. ती समीक्षक व्हायला हवी होती.

१ मार्च

शेवटचं प्रकरण आधी वाचायचं नाही असा माझा नियम आहे. आज मोडला. द्वारपाल मरतो.

वेढ्यात त्याच्या डोक्यात दगड पडतो. मग शेवटच्या प्रकरणात तो दरवाजाला टेकून बसतो, राजपुत्राच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवतो आणि मरण्यापूर्वी दीड पान बोलतो. दीड पान! डोकं फुटलेला माणूस एवढं बोलतो का? हा पुस्तकातला सगळ्यात मोठा दोष. मी कानसेनला पोटतिडकीने सांगितलं की हे मरण अनाठायी आहे, रचनेला त्याची गरज नाही, वाचकाला रडवायची ही स्वस्त युक्ती आहे. वेढा उठलेला, दरवाजा उघडलेला, म्हातारा आपल्या खिडकीत बसलेला, असा शेवट काय वाईट होता? कानसेन जेवणाच्या डब्याचं झाकण लावत म्हणाला, "तू एवढा चिडतोयस का?"

मी चिडलो नव्हतो. रचनेबद्दल बोलत होतो.

रात्री जेवताना आईनेही तेच काढलं. "म्हाताऱ्याला मारायची काही गरज होती का रे?" मी विचारलं, तू बाड वाचलंस? म्हणाली, टेबल पुसताना शेवटचं पान दिसलं. माझ्या टेबलावर शेवटचं पान सगळ्यांत खाली होतं. पण वादात कोण पडणार. निदान घरात एकाला तरी रचना कळते.

६ मार्च

बाकी सगळं झालं. एक प्रकरण राहिलं.

आज त्याला बसलो. राजपुत्र झाला, चेटकीण झाली, किल्ल्यांचा जुडगा हातात पडला आणि द्वारपालाच्या पहिल्या शब्दाला आवाज निघाला तो माझाच. माझा, म्हणजे वीज-बिलाची चौकशी करणाऱ्या माणसाचा. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. कानसेनने मागचे तुकडे ऐकवले, बघ, असा लागत होता. डब्यात हवा पुरेना. काचेवर टकटक केली, तो वायर गुंडाळत होता, त्याला दिसलं नाही. मी दोन्ही हातांनी काच बडवली. तेवढ्यात तो आला, पण तेवढ्या वेळात मला खरोखर वाटलं की हे दार आता उघडत नाही.

घसा बसला, दुसरं काही नाही. मीठपाण्याच्या गुळण्या, मध, मौन.

१० मार्च

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, घसा नव्या हार्मोनियमसारखा आहे, काही झालेलं नाही. मग आवाज का निघत नाही? म्हणाले, कुठला आवाज? डॉक्टरांसमोर बाबांची नक्कल करून दाखवायची आणि ती न जमल्याची तक्रार करायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

दुपारी लेखक स्टुडिओत आला. माझ्याहून लहान आहे, बोलताना स्वेटरची बाही ओढत राहतो. मी त्याला माझे सगळे गुणदोष ऐकवले. वेढ्याबद्दल त्याने मान डोलावली, अजगराबद्दल माफी मागितली. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, म्हाताऱ्याला जगवा.

"छापून झालंय," तो म्हणाला.

"दीड पान बोलतो तो मरताना. कुणी ऐकून घेणार नाही."

"खरंय, लांबलंय. पण मला त्याला सोडवेना." त्याने पुन्हा बाही ओढली. "पहिल्या भागात माझ्याकडे नुसता दरवाजा होता हो. माणूस तुम्ही दिलात. तो आवाज कुठून आणलात?"

मी म्हटलं, असाच, हवेतून. त्याने विश्वास ठेवला. लेखक लोक दुसऱ्यांच्या थापांवर लगेच विश्वास ठेवतात.

१३ मार्च

प्रकाशकबाईंचा फोन. गोड बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. सोमवारपर्यंत शेवटचं प्रकरण झालं नाही तर तेवढं दुसऱ्या वाचकाकडून करून घेणार. त्या मुलाला त्यांनी माझा द्वारपाल ऐकवला आणि त्याने "हुबेहूब काढला."

मी विचारलं, हुबेहूब कुणासारखा?

"अहो, तुमच्यासारखा," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. इकडे आड तिकडे विहीर. मला तो आवाज मारता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी मारलेला मला चालणार नाही. ज्याने बाबांना कधी पाहिलेलं नाही, ज्याला ती खिडकी, तो तळहात माहीत नाही, तो पोरगा त्यांच्या आवाजात शेवटचे शब्द बोलणार आणि लोकांच्या कानात तेच राहणार. मला भीती वाटते. कशाची ते लिहिता येत नाही. बाबांचा आवाज आता जगात फक्त माझ्या घशात आहे, आणि तिथूनही तो निघत नाहीये.

आई आत आली, मला बाजूला सारून दूध तापवायला ठेवलं आणि म्हणाली, "बाई पुन्हा विचारत होत्या. ते सारखं काय म्हणायचे ते." मी म्हटलं, आठवलं की सांगतो.

"बरं," आई म्हणाली. "तू तुझ्या वेळेने आठव."

१६ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझा मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी माझ्या वाचायच्या टॅबची काच फुटली. म्हणून बाबांच्या उशाखालचा जुना उचलला. बाबांनी डाव्या हाताने माझी बाही धरली आणि घशातून एक आवाज काढला. मला वाटलं पाणी हवंय. पाजलं. तरी सोडेनात. आई म्हणाली, "ने, पण आठवणीने परत आण." गाण्यांसाठी एवढं?

डब्यात बसून टॅब उघडला. गाणी नव्हतीच. एकच पुस्तक होतं, माझं, पहिला भाग. आणि शेवटी कुठे थांबवलं होतं ते दिसत होतं. नववं प्रकरण. मी मागचं पाहिलं. काल नववं, परवा नववं, त्याआधी नववं, दुपारी पुन्हा पुन्हा नववं. आठवं नाही, दहावं नाही. फक्त द्वारपालाची चार पानं.

म्हणजे आईला माहीत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून माहीत असणार. बाई वाक्य विचारत होत्या तेव्हाही, मी न्हाणीघरात होतो तेव्हाही. आणि बाबा महिनाभर रोज ऐकत होते की त्यांच्या मुलाने त्यांचं काय केलंय. त्यांना ते बंद करा असंही म्हणता येत नव्हतं. मी काच वाजवली, कानसेनला म्हटलं आज होणार नाही, आणि दुपारीच घरी निघालो. चोरासारखा जिना चढलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, चपला हातात घेतल्या.

बाबांच्या खोलीतून द्वारपालाचा आवाज येत होता.

"आधी... जुनं..."

सवयीने माझं पहिलं लक्ष कामाकडे गेलं. वाईट लागलाय, असं वाटलं. 'ज' घसरलाय, दोन शब्दांमध्ये केवढी जागा, शेवट खाली बसतच नाहीये. हा तुकडा आम्ही ठेवला कसा? बॅटरी उतरली की आवाज असा ओढत असेल. आई आज पुन्हा नववं लावून बसलीय.

मग खांद्यावरच्या पिशवीचं ओझं जाणवलं. टॅब माझ्याच पिशवीत होता.

"आधी जुनं... जमा..."

आई पलंगाजवळ धुतलेला रुमाल घेऊन उभी होती. बाबा डाव्या हाताने तोंड पुसायचा ओला रुमाल तिच्यापुढे धरून बसले होते. कपाळाच्या शिरा फुगलेल्या, डोक्यावर घाम. आईने तो घेतला आणि नवा त्यांच्या हातात दिला, कोठाराच्या खिडकीतून देतात तसा. तिला रडू येत होतं पण हात स्थिर होता. माझ्या हातातल्या चपला पडल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता काय, असं मी म्हणत होतो स्वतःशी, राग की आणखी काही. त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला आणि डावा तळहात माझ्यापुढे पसरला.

मला कळेना. मी त्यांच्या पायाशी बसलो. वाटलं माफी मागायची आहे आणि ती कुठून सुरू करायची ते सापडेना. तळहात तसाच होता. बोटं दोनदा हलली, पटकन, लवकर आटप म्हणताना हलायची तशी.

"अरे टॅब दे त्यांचा," आई म्हणाली. "सकाळपासून वाट बघताहेत."

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी उलटा करून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला, काही मोडलंय का ते तपासलं आणि उशाखाली सारला. मग मला रडू फुटलं. बाबांनी मला तो नवा रुमाल दिला. माझ्याकडे जमा करायला काहीच नव्हतं, तरी दिला.

आईला नंतर विचारलं, त्यांना वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच, अर्ध्या तोंडाने. "मग ते तुझ्याबरोबर म्हणायला लागले. तू सांगत नव्हतास, म्हणून म्हटलं तुझ्याच तोंडून शिकू दे." आणि वर विचारते, पुढचा भाग कधी मिळणार, नववं आता पाठ झालंय.

कवळी नीट आहे म्हणे.

१७ मार्च

सोमवार. सकाळी आठला डब्यात बसलो. कानसेनला म्हटलं, थांबवू नकोस, घशात काही आलं तरी चालू ठेव.

राजपुत्र झाला, चेटकीण झाली. किल्ल्यांचा जुडगा हातात पडला. "हे घे," द्वारपाल म्हणतो. "मोजून घे." एवढ्या दोन वाक्यांना मला किती वेळ लागला ते कानसेनलाच माहीत. प्रत्येक शब्द आधी शोधायचा, सापडला की ओठांपर्यंत आणायचा, तिथे तो घसरतो, पुन्हा उचलायचा. कालचाच आवाज. मी काही केलं नाही, तो जसा येत होता तसा येऊ दिला. दीड पान मी दोष म्हणून लिहिलं होतं, ते खोडतो. शब्द एकेक करून ओढून आणणाऱ्या माणसाला दीड पान म्हणजे काही बडबड नव्हे. त्याने केवढी मेहनत केलीय ते ऐकू आलं पाहिजे, एवढंच. वेढ्याचा दोष तसाच ठेवतो. तो दोष आहेच.

शेवटचा शब्द झाला आणि मी पान मिटलं. काचेपलीकडे कानसेन कानावरचे हेडफोन धरून बसला होता. त्याने बटण दाबलं. मग त्याचा आवाज आला.

"मागच्या प्रकरणांशी जुळत नाही. आवाज बदललास तू."

"हो," मी म्हटलं. "तो आता असाच बोलतो."

तो उठला आणि मी टकटक करायच्या आधीच त्याने बाहेरून दार उघडलं.